न्यायालयात टिकणारे गुपित

प्रस्तावना

ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते न्यायालयात सांगितलेच पाहिजे, या एका नियमावर साक्षीचा सगळा कायदा उभा आहे. समन्स निघाले की शेतात कांद्याची काढणी चालू असो की घरात लग्नकार्य, ठरल्या तारखेला हजर राहावे लागते. पिंजऱ्यात उभे राहून शपथ घेतली की मैत्री, भावकी, खाल्ल्या मिठाची जाण, गावकीचा मुलाहिजा यांपैकी कशाचाही आडोसा घेता येत नाही. न्यायाधीशासमोर सत्य आले नाही तर निकाल चुकतो, आणि चुकलेल्या निकालाचा भुर्दंड बहुतेक वेळा दुबळ्या बाजूलाच पडतो.

तरीही कायद्याने काही दारे स्वतःहून बंद ठेवली आहेत. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली हकिगत, नवराबायकोने संसारात एकमेकांना सांगितलेल्या गोष्टी, पोलिसाला खबर देणाऱ्याचे नाव, सरकारदप्तरी असलेली काही कागदपत्रे आणि आरोपीचे स्वतःविषयीचे मौन. सत्य शोधण्यासाठीच बसलेले न्यायालय इथे मात्र थांबते. या थांबण्याला साक्षीतील विशेषाधिकार म्हणतात. हे पुस्तक त्याविषयी आहे, आणि ते वकिलांइतकेच कोर्टाची पायरी चढावी लागणाऱ्या सामान्य माणसासाठी लिहिले आहे.

आमचे संगमनेर हे पुणे-नाशिक रस्त्यावरचे, प्रवरेच्या काठचे जुने बाजारपेठेचे गाव. ऊस, दूध, कांदा, विडी-तंबाखू यांचा व्यवहार मोठा, तसे तंटेही भरपूर. वाटपाचे दावे, बांधावरच्या मारामाऱ्या, न वटलेले धनादेश, पोटगीचे अर्ज, पतसंस्थांची वसुली यांनी इथल्या कोर्टाचा बोर्ड भरलेला असतो. या प्रत्येक प्रकरणात कुणीतरी कुणालातरी विश्वासाने काहीतरी सांगितलेले असते. त्यातले काय कोर्टात निघू शकते आणि काय निघू शकत नाही, हे सांगणाऱ्याला त्या वेळी माहीत नसते. माहीत होते ते उलटतपासात, तेव्हा उशीर झालेला असतो.

वकिलाच्या ऑफिसात नेहमी दिसणारा एक प्रसंग घ्या. वाटपाचा दावा लावायला शेतकरी येतो, पण एकटा येत नाही. सोबत मेहुणा, चुलतभाऊ, गावचे माजी सरपंच. सगळे बाकावर ऐसपैस बसतात. चहा येतो आणि सर्वांसमोर तो सांगून टाकतो की वडिलांच्या मृत्युपत्रावर अंगठा उठवला तेव्हा वडील शुद्धीवर नव्हते. वकिलाने ही गोष्ट कोर्टात सांगायची नाही, असे कायदा बजावतो. वकिलाच्या कारकुनालाही तेच बंधन आहे. मेहुण्याला मात्र ते नाही. उद्या त्याच्याशी बिनसले आणि समोरच्या पक्षाने त्याला साक्षीला बोलावले, तर त्या दिवशी जे कानांनी ऐकले ते तो सांगू शकतो. सोबतची मंडळी पाच मिनिटे बाहेर बसली असती तर ती गोष्ट चार भिंतींत राहिली असती. एवढी साधी खबरदारी आपल्याकडे घेतली जात नाही, कारण ती घ्यायला कुणी सांगितलेलेच नसते.

या विषयाची मांडणी १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात झाली. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी त्याचा मसुदा केला आणि तो दीडशेहून अधिक वर्षे चालला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. कलमांचे आकडे बदलले, गाभा बहुतांशी तोच राहिला. नवराबायकोमधील संवादाचे जुने कलम १२२ आता १२८ झाले, राज्यकारभाराविषयीचे १२३ आता १२९, खबऱ्याविषयीचे १२५ आता १३१, वकिलाशी झालेल्या संवादाचे १२६ आता १३२ आणि साक्षीदाराला अडचणीत आणणाऱ्या प्रश्नांचे १३२ आता १३७. जुन्या निवाड्यांत जुने आकडे आहेत आणि रोजच्या कामात नवे, त्यामुळे वाचताना दोन्ही हाताशी ठेवावेत.

ही सगळी कलमे एका प्रश्नाने वाचली तर सोपी होतात: या गुपिताचा मालक कोण? विशेषाधिकार ज्याच्याजवळ गुपित आहे त्याचा नसतो, ज्याच्या भल्यासाठी ते राखायचे त्याचा असतो. पुढच्या प्रत्येक प्रकरणात हाच प्रश्न विचारला आहे, आणि माझ्या मते या विषयाची किल्ली तीच आहे.

वकील आणि अशील यांच्या नात्यात मालक अशील असतो. त्याच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाला तोंड उघडता येत नाही. वकीलपत्र काढून घेतले, दावा संपला, तरी हे बंधन संपत नाही. पण त्याची हद्द कायद्यानेच आखून दिली आहे, आणि त्यासाठी कलमाखाली दिलेली उदाहरणे फार बोलकी आहेत. मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा, असे अशील म्हणाला तर ती गोष्ट वकिलापाशीच राहते, कारण गुन्हा केलेल्या माणसाचाही बचाव करणे हे गैरकृत्य नाही. खोट्या दस्ताच्या आधारे मला जमीन मिळवायची आहे, तुम्ही दावा लावा, असे म्हटले तर मात्र संरक्षण नाही. अपहाराच्या खटल्यात काम चालू असताना, आधी वहीत नसलेली नोंद नंतर घुसवल्याचे वकिलाच्या लक्षात आले, तर तीही गुपित राहत नाही. झालेल्या गोष्टीची कबुली झाकली जाते, पुढच्या लबाडीची तयारी झाकली जात नाही.

आणखी दोन गोष्टी इथल्या लोकांनी गाठीला बांधाव्यात. पहिली अशी की हे संरक्षण फक्त वकिलाशी झालेल्या बोलण्याला आहे. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला दस्तलेखक, स्टँप व्हेंडर, हिशेब तपासणारे सीए, कर सल्लागार, पतसंस्थेचे व्यवस्थापक यांना कितीही विश्वासाने सांगितले तरी कोर्टाने विचारल्यावर त्यांना उत्तर द्यावे लागते. दुसरी अशी की कागद वकिलाकडे नेऊन ठेवला म्हणून तो गुप्त होत नाही. संरक्षण संवादाला आहे. आधीपासून असलेले खरेदीखत किंवा हिशेबाची वही वकिलाच्या कपाटात गेल्याने तिचा पुरावा म्हणून असलेला दर्जा बदलत नाही.

वकील आणि अशील यांच्या गुपिताच्या प्रश्नाने २०२५ साली देशभर लक्ष वेधले. दोन ज्येष्ठ वकिलांना त्यांनी दिलेल्या कायदेशीर सल्ल्यासंबंधात सक्तवसुली संचालनालयाने समन्स काढले. वकीलवर्गात संतापाची लाट उसळली, समन्स मागे घेतली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मूळचे अमरावतीचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याने त्याच्या वकिलाला बोलावू नये. कलमातल्या अपवादात प्रकरण बसत असेल तर तो अपवाद समन्समध्येच नमूद करावा आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची लेखी संमती घ्यावी. वकिलाचा लॅपटॉप किंवा मोबाइल हवा असेल तर तो न्यायालयापुढे हजर करून घ्यावा आणि संबंधितांना ऐकून घेतल्यावरच उघडावा. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वकिलालाही आता पोलीस ठाण्याच्या बोलावण्यापुढे हा निकाल ठेवता येतो.

याच निकालात कंपन्यांच्या पगारी कायदा अधिकाऱ्यांविषयी एक मोठा बदल आहे. मुंबई उच्च न्यायालयाने विजय मेटल वर्क्सच्या प्रकरणात पगारी कायदा सल्लागाराला वकिलासारखेच संरक्षण मानले होते, आणि तो निवाडा १९८२ पासून महाराष्ट्रात आधाराला घेतला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने आता अशा नोकरदार सल्लागारांना कलम १३२ चे पूर्ण कवच नाकारले, कलम १३४ खालचे मर्यादित संरक्षण ठेवले. सहकारी कारखाने, दूध संघ, बँका यांच्या विधी विभागांनी आपला पत्रव्यवहार या नजरेने पुन्हा तपासायला हवा.

नवराबायकोच्या नात्यात मालक बोलणारा असतो. पतीने सांगितले असेल तर त्याच्या संमतीवाचून पत्नीला ते कोर्टात सांगता येत नाही, आणि उलटही तसेच. घटस्फोट झाला, जोडीदार वारला, तरी संसारात असताना झालेल्या संवादाला संरक्षण राहते. पण ते फक्त संवादाला आहे, पाहिलेल्या गोष्टीला नाही. १९५४ च्या राम भरोसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक समजावून सांगितला. पहाटेच्या अंधारात पती छपरावरून उतरला, भुशाच्या खोलीत गेला, बाहेर येऊन त्याने अंघोळ केली आणि तेच धोतर पुन्हा नेसला, हे पत्नीने पाहिले होते. ते तिला सांगता आले. दागिने आणायला गेलो होतो असे तो तिला म्हणाला, ते मात्र पुराव्यात घेता आले नाही.

खुद्द नवराबायकोच एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले, किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला असला, तर हे कलम लागत नाही. म्हणूनच १४ जुलै २०२५ च्या विभोर गर्ग निकालात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येते असे ठरवले. निकाल कलमाच्या शब्दांना धरून आहे. पण त्याचे परिणाम घराघरांत पोचणार आहेत. मोबाइल आज प्रत्येकाच्या हातात आहे, आणि भांडण विकोपाला गेलेल्या घरात कोण कधी रेकॉर्डिंग करील याचा नेम नाही. नांदायला निघालेल्या आणि नांदणे अशक्य झालेल्या, दोघांनीही हे समजून वागावे.

सरकारच्या गुपिताचा मालक सरकार नसते, जनता असते. इथे आपल्या न्यायालयांनी लांबचा पल्ला गाठला आहे. १९६१ च्या सोढी सुखदेवसिंग निकालात खातेप्रमुखाच्या म्हणण्याला मोठे वजन होते. १९७५ च्या राज नारायण प्रकरणात, पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेच्या पुस्तिकेवरून वाद झाला, तेव्हा न्यायालयाने सांगितले की कागद उघड केल्याने सार्वजनिक हिताला धोका आहे की नाही हे गरज पडल्यास न्यायाधीश स्वतः कागद पाहून ठरवतील. १० एप्रिल २०१९ रोजी राफेल विमानखरेदीच्या प्रकरणात वर्तमानपत्रांत छापून आलेल्या कागदांवरचा विशेषाधिकाराचा दावा फेटाळला गेला. ५ एप्रिल २०२३ च्या माध्यमम् निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी बंद लिफाफ्यात पुरावा देण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली, कारण ज्याच्याविरुद्ध तो वापरायचा त्यालाच तो दिसत नाही.

या वाटचालीत आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याचा वाटा आहे. माहितीचा अधिकार मिळावा म्हणून राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी केलेल्या आंदोलनांमुळे २००५ च्या केंद्रीय कायद्याआधीच महाराष्ट्राने आपला कायदा केला. राफेल निकालात न्यायालयाने माहिती अधिकार कायद्याचाही आधार घेतला. नव्या साक्ष अधिनियमाने मात्र एक दार पक्के बंद केले आहे: मंत्री आणि राष्ट्रपती यांच्यातील संवाद हजर करण्यास कोणतेही न्यायालय फर्मावू शकत नाही, असे कलम १६५ च्या परंतुकात लिहिले आहे. मला ही तरतूद पटत नाही. न्यायाधीशाने पाहून ठरवण्याची वाट खुली असायला हवी होती.

खबऱ्याच्या संरक्षणाचे महत्त्व नदीकाठच्या गावांना वेगळे सांगायला नको. रात्री पात्रातून वाळू उपसली जाते, कुणी तरी पोलिसांना किंवा तहसीलमध्ये फोन करतो, ट्रॅक्टर पकडला जातो. खटला उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, खबर कुणी दिली? कलम १३१ नुसार दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसाला गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. सार्वजनिक महसुलाविरुद्धच्या गुन्ह्यांपुरते हेच संरक्षण महसूल अधिकाऱ्याला आहे. अधिकाऱ्याने या कलमाचा आधार घेतला नाही आणि नाव सांगून टाकले तर त्याचे परिणाम खबर देणाऱ्याला भोगावे लागतात. म्हणून अधिकाऱ्यांनी हे कलम पाठ ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने त्याची सीमा आखली: बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने घेणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नाही. पुढे बनावट मुद्रांक घोटाळ्यात नार्को चाचणीचा प्रश्न आला. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती चालू दिली. ५ मे २०१० रोजी सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी करण्यास मनाई केली. माणसाचे मन औषधाने उघडून घेता येणार नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

आरोपी नसलेल्या साक्षीदाराची गोष्ट वेगळी आहे. आपण अडकू म्हणून त्याला उत्तर टाळता येत नाही. पण सक्तीने दिलेले उत्तर त्याच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडून. सोन्याच्या तस्करीच्या लक्ष्मीपत चोरडिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६८ च्या निकालात, टोळीसोबत काम केलेल्या महिलेची साक्ष याच तरतुदीच्या बळावर ग्राह्य ठरली. साक्षीदाराने अशा प्रश्नाला आधी हरकत घ्यावी, न्यायालयाने उत्तर द्यायला लावल्याची नोंद करून घ्यावी आणि मग खरे ते सांगावे.

आपल्या कायद्यात जे नाही तेही वाचकाने जाणून घ्यावे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संवादाला साक्ष अधिनियमात विशेषाधिकार नाही. गुरू, कीर्तनकार किंवा धर्मगुरू यांनाही नाही. पत्रकाराच्या सूत्रालाही नाही. प्रेस कौन्सिलच्या कामकाजापुरते १९७८ च्या कायद्याने पत्रकाराला संरक्षण दिले. विधी आयोगाने १९८३ च्या त्र्याण्णवाव्या अहवालात न्यायालयांसाठीही तशी तरतूद सुचवली, पण चाळीस वर्षांनी नवा कायदा करताना ती घेतली गेली नाही. मध्यस्थी केंद्रातल्या बोलण्यासाठी मात्र २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गोपनीयतेची तरतूद आहे. तिथे तडजोडीसाठी एक पाऊल मागे घेतले म्हणून पुढे कोर्टात ते अंगावर येत नाही. पक्षकारांनी तिथे मोकळेपणाने बोलावे.

अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांनी याबाबत दुसरा मार्ग धरला. १९७५ च्या पुराव्याच्या नियमांत विशेषाधिकारांची यादी घालण्याचा प्रस्ताव होता. तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, तो नाकारला आणि नियम ५०१ मध्ये एवढेच ठेवले की न्यायालयांनी विवेक आणि अनुभव यांच्या प्रकाशात हा कायदा घडवावा. त्यातूनच १९९६ च्या जॅफी विरुद्ध रेडमंड प्रकरणात मानसोपचाराला संरक्षण मिळाले. गोळीबारात एकाचा जीव गेल्यानंतर एका महिला पोलीस अधिकाऱ्याने समुपदेशन घेतले होते. त्या टिपणांची मागणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, कारण उघड होण्याची भीती असेल तर उपचारच होणार नाहीत. त्याच न्यायालयाने १९७४ साली अध्यक्ष निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणातल्या ध्वनिफिती द्यायला लावल्या होत्या. दुबळ्याचे गुपित राखायचे आणि सत्ताधीशाचे उघडायचे, हे दोन्ही एकाच तत्त्वातून येते. शेतकरी आत्महत्यांचे दुःख पाहिलेल्या महाराष्ट्रात समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला साक्ष अधिनियमात जागा नसावी, ही मोठी उणीव आहे. ती कायदेमंडळानेच भरून काढायला हवी.

शेवटी एका वेगळ्या मौनाविषयी. २०१४ साली आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. साक्षीदार असा गप्प होतो तेव्हा न्यायच अडतो. त्या मौनाला कोणत्याही कलमाचा आधार नाही, आणि त्याची जबाबदारी एकट्या साक्षीदारावर टाकून समाजाला आणि सरकारला मोकळे होता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, महाराष्ट्राने २०१७ सालीच त्यासाठी कायदा केला. हे संरक्षण मागता येते. विशेषाधिकार विश्वास राखण्यासाठी आहे, दहशतीला आसरा देण्यासाठी नाही. हा फरक ज्या गावाला कळला त्या गावात खटले पुराव्यावर चालतील.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्याला माझे सांगणे आहे. वकिलाकडे जाल तेव्हा आपली गोष्ट एकट्याने आणि पूर्ण सांगा. अर्धवट सांगितलेली गोष्ट पुढे उलटतपासात आपल्यावरच उलटते. दस्तलेखकाला आणि हिशेबनिसाला कामापुरतेच सांगा. सरकारने कागद दाखवायला नकार दिला तर त्याचे कारण लेखी मागा. साक्षीला उभे राहाल तेव्हा, जे सांगणे बंधनकारक आहे ते भीड न ठेवता सांगा, आणि जे राखण्याचा हक्क आहे त्याबाबत तो हक्क न्यायाधीशांसमोर नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत मागा. हक्क मागितला नाही तर न्यायालयाच्या नोंदीत तो येत नाही.